पडदा परत बोलत नाही

एका पावसाळ्यानंतर माझे वडील स्वतःला विसरभोळे समजू लागले. नुसते विसरभोळे नव्हे, थोरल्या काकांसारखे. थोरले काका शेवटी शेवटी जेट्टीवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, यातली आपली होडी कुठली, आणि ती त्यांच्या पायाशीच बांधलेली असायची. आमच्या घरात त्या आजाराला नाव नाही. ‘काकांचं झालं तसं’ एवढंच म्हणतात, आणि म्हणणारा लगेच दुसऱ्या विषयाकडे वळतो. तर बाबांना वाटू लागलं की आता आपली पाळी आली. त्यांनी ते कोणालाच सांगितलं नाही. मी त्याच घरात, वरच्या खोलीत बसून, सगळ्या जगातली टर्मिनलं शहाण्यासारखी कशी वागतील याची काळजी वाहत होते.

माझं काम काय, हे आईने स्वतःपुरतं ठरवून टाकलेलं आहे. “कंप्युटरला शिकवते,” असं ती मुरुडच्या बाजारात सांगते, आणि ते फारसं चूक नाही. पगार देणारी कंपनी मुंबईत आहे. मी मुरुडजवळच्या या गावात बसते की आणखी कुठे, याच्याशी तिला देणंघेणं नाही. टर्मिनलचं काम मात्र कंपनीचं नव्हतं. ते फुकटचं. हे एकदा आईला सांगून बसले. आयुष्यभर मासळी विकलेली बाई ती, गिऱ्हाइकाला एक मांदेली वर टाकताना तिचा हात जड होतो. “फुकट? आणि कोणासाठी?” मी म्हटलं, सगळ्यांसाठी. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पण इथे काढावा लागेल. यंत्राच्या अगदी पोटात शिरून काम करणारे प्रोग्राम लिहायची एक भाषा आहे, आणि तिच्यासाठी एक लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे तयार फंक्शनांची पेटी. लिहिणाऱ्याने आपला प्रोग्राम एकदाच लिहायचा. खाली लिनक्स आहे, विंडोज आहे की मॅक, हे पेटीने बघून घ्यायचं. त्या पेटीत फायली होत्या, नेटवर्क होतं, घड्याळ होतं. टर्मिनल नव्हतं. टर्मिनल म्हणजे तो काळा पडदा, ज्यावर चित्रं नसतात, नुसती अक्षरं असतात, आणि ज्याच्यासमोर बसलेल्या माणसाबद्दल घरच्यांना उगाच आदर वाटतो.

मी म्हटलं, मी घालते. फंक्शनं चारच होती. समोर खरोखर टर्मिनल आहे का, हे विचारणारं एक. ते किती रुंद आहे, हे सांगणारं दुसरं. बटण दाबलं की ते अक्षर पडद्यावर उमटू द्यायचं की नाही, हे ठरवणारं तिसरं. याला एको म्हणतात, आणि पासवर्ड टाइप करताना तो बंद करतात. चौथं सगळ्यात सोज्वळ: काम संपलं की टर्मिनल आधी होतं तसं करून ठेवायचं. माणसांनी हे चौथं पाळलं असतं तर आमच्या घरातली अर्धी भांडणं मिटली असती.

काम लहान होतं, पण ते मंजूर करणारे गृहस्थ साता समुद्रापलीकडे राहतात. आम्ही कधी भेटलो नाही, बोललोही नाही, सगळं लेखी. इतका नम्र माणूस मी पाहिलेला नाही, आणि इतक्या वेळा मला ‘नाही’ कोणी म्हटलेलं नाही. तिसऱ्या फंक्शनचं नाव ‘एको बंद कर’ असावं की ‘एको ठेव: नाही’ असं, यावर आमची चर्चा गणपतीच्या आधी सुरू झाली आणि दिवाळीचा फराळ संपला तरी चालूच होती. मी चिडखोर आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी दर वेळी मी “आपला मुद्दा रास्त आहे” असं लिहायचे आणि मग खाली येऊन आईवर ओरडायचे.

आता बाबांचं काम सांगते. ते आमच्या मच्छीमार सोसायटीच्या काट्यावर लिहायला बसतात. होडी लागली की टोपल्या काट्यावर चढतात. वजन करणारा माणूस मोठ्याने आकडा पुकारतो. बाबा तोच आकडा तितक्याच मोठ्याने परत म्हणतात, लिहितात, आणि मगच टोपली खाली उतरते. बाबांनी परत म्हटलं नाही तर पुकारणारा पुन्हा पुकारतो. टोपली जागची हलत नाही. होडीवाल्याने आणि लिलावाला आलेल्या बायांनी दोन्ही आवाज ऐकायचे असतात. परत न म्हटलेलं वजन आमच्याकडे वजन धरत नाहीत, आणि त्यावरून जेट्टीवर डोकी फुटलेली आहेत. बाबांनी आयुष्य या परत म्हणण्यात काढलं. आईची तक्रार अशी, की काट्यावर परक्यांचा शब्द न शब्द झेलणारा हा माणूस घरात साधं ‘हूं’ म्हणत नाही.

पूर्वी लिहिणं कागदावर होतं, मग सोसायटीत संगणक आला. त्याला इतके व्हायरस लागायचे की शेवटी मीच त्यावर लिनक्स बसवलं आणि वजनं नोंदवायचा एक छोटा प्रोग्राम लिहून दिला, काळ्या पडद्यावरचा. बाबा आकडा म्हणत, बटणं दाबत, आकडा पडद्यावर उमटे. त्यांना तो पहिल्या दिवसापासून पसंत पडला. का पसंत पडला, ते मला फार उशिरा कळलं.

सुरू होताना तो प्रोग्राम पासवर्ड मागायचा. बाबांनी ठेवला होता आमच्या होडीचा नंबर. ती होडी आम्ही केव्हाच विकली, तोडणाऱ्याने तोडलीसुद्धा, पण नंबर बाबांच्या तोंडात आहे. बाबांच्या डोळ्यांसाठी अक्षरं मोठी ठेवलेली, त्यामुळे पासवर्ड जेट्टीवरच्या कुत्र्यालाही वाचता यायचा. कोणाचं काही बिघडत नव्हतं. मग आमचे चेअरमन अलिबागला कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि म्हणाले, “पासवर्ड दिसता कामा नये. तसा नियम हाय.”

मला आनंदच झाला. साता समुद्रापलीकडचे गृहस्थ वारंवार विचारत होते, हे फंक्शन प्रत्यक्षात कोणी वापरणार आहे का. घ्या, म्हटलं, सापडला वापरणारा. वरच्या खोलीतूनच सोसायटीच्या संगणकात शिरून मी एको बंद करणारा नवा प्रोग्राम बसवला आणि चेअरमनना फोन केला, की आता टाइप केलेलं दिसणार नाही, तेवढं बाबांच्या कानावर घाला. त्या दिवशी बाबा लग्नाला गेले होते. “सांगतो ना,” चेअरमन म्हणाले. आमच्या गावची पाण्याची टाकीही याच ‘सांगतो ना’वर उभी राहायची आहे.

काही दिवसांनी बाबा सोसायटीचा कीबोर्ड पिशवीत घालून घरी घेऊन आले. “ह्याला खारं लागलंय,” म्हणाले. समुद्राकाठी हा पहिला संशय. बिजागरी, सायकल, पंखा, मोबाइल, इथे काहीही बिघडलं तरी आधी खाऱ्या हवेवर नाव जातं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. बाबांनी त्याची बटणं एक एक करून उपटली, गोड्या पाण्यात धुतली आणि गच्चीवर जवळा सुकत होता त्याच्या शेजारी पसरून ठेवली. मी वरून पाहत होते. मला गंमत वाटली. मी फोटोही काढला.

धुऊन काही फरक पडला नाही. मग सोसायटीने माणगावहून नवा कीबोर्ड आणवला. त्यानंतर बाबा कीबोर्डबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, आणि घरात आम्ही समजलो की काम झालं.

झालं होतं ते असं, आणि यातल्या तर्काला खोट काढता येणार नाही. कीबोर्ड नवा. संगणक एकदा उघडला की वजनं नीट घेतोय. तरी सुरू करताना तो म्हणतो, नंबर चुकला. मग बिघडलं कोण? बाकी राहिलं होतं एकच डोकं. चुका शोधण्याची हीच रीत मी पोटासाठी वापरते, आणि त्या रीतीने बाबा बिनचूक चुकीच्या जागी पोचले होते.

घरात बारीकसारीक दिसू लागलं. जेवताना बाबा अधूनमधून ओठ हलवायचे. आईने कान देऊन ऐकलं, तर ते गावातल्या होड्यांचे नंबर म्हणत होते, एकामागून एक, परीक्षेला बसल्यासारखे. बाजारात जाताना ‘काय आणायचं’ हे दोनदा विचारायचे. एकदा दारातून परत फिरले आणि कुलूप ओढून पाहिलं, मग पुन्हा फिरले. आपण सगळेच असं करतो. पण बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते सगळ्यांच्या येत नाही. मला वाटलं, वय झालं. हे वाक्य किती सोयीचं असतं.

त्याच सुमारास चर्चेत कोणा तिऱ्हाईताने एक प्रश्न टाकला होता: काहीच उमटलं नाही तर वापरणारा गोंधळणार नाही का? गृहस्थांनी अर्थातच अतिशय नम्रपणे उत्तर दिलं, की टर्मिनल वापरणाऱ्यांना हे माहीत असतं. इतक्या महिन्यांत त्यांचं माझं प्रथमच एकमत झालं. मी त्यांच्या उत्तराखाली पसंतीचा अंगठा दिला.

मग एक दिवस आई भर दुपारी जिना चढून वर आली. गुडघ्यांमुळे ती वर येत नाही, त्यामुळे मी उठूनच उभी राहिले. बाजारात चेअरमनच्या बायकोने तिला सांगितलं होतं, की बाबांनी काटा सोडायचं ठरवलंय. येत्या सभेत दुसरा माणूस बघा, माझ्याच्यानं आता होत न्हाय, असं ते चेअरमनना म्हणाले होते. घरात बायकोला नाही, मुलीला नाही.

“काकांचं झालं तसं वाटतंय गं त्यांना,” आई म्हणाली, आणि या वेळी तिने विषय बदलला नाही. “मी अलिबागच्या डॉक्टरचा शनिवारचा नंबर लावलाय. तू सांग त्यांना. माझं ऐकत न्हायत.”

मी बाबांना काय सांगणार होते? सांगायचं टाळण्यासाठी म्हणूनच मी दुसऱ्या दिवशी सकाळी जेट्टीवर गेले, निदान तिथे पाहू तरी, असं म्हणून.

एक होडी नुकतीच लागली होती. पहिली टोपली काट्यावर, पुकारणाऱ्याने तोंड उघडलं, आणि वीज गेली. थोड्या वेळाने आली. संगणक पुन्हा सुरू झाला आणि त्याने पासवर्ड मागितला. होडीवाला, बाया, पुकारणारा, सगळे थांबले.

बाबांनी हात पुसले, चष्मा लावला. एका बोटाने पहिला आकडा दाबला आणि तोंडाने म्हटला. मग मान किंचित कलती करून ते पडद्याकडे पाहत राहिले. ती मान मी लहानपणापासून ओळखते. समोरून आवाज येईपर्यंत थांबायची मान आहे ती. पडद्यावर काहीच आलं नाही. बाबांनी तोच आकडा पुन्हा दाबला, पुन्हा म्हटला, पुन्हा थांबले. मग दुसरा. तोही दोनदा. शेवटपर्यंत असंच, सावकाश, जपून. पडद्यावर आलं: पासवर्ड चुकला.

पुकारणारा समुद्राकडे बघू लागला. बाया एकमेकींशी काहीतरी बोलू लागल्या, ऐकू जाणार नाही इतपत. सगळे बाबांना सांभाळून घेत होते, आणि तेच मला बघवेना. पाठमोऱ्या बाबांचे खांदे खाली आले होते.

मला तेव्हाच सगळं कळलं. घाईत असले की बाबा आकडे भराभर दाबत असणार आणि प्रोग्राम उघडत असणार. नीट लक्ष देऊन दाबले की चूक. जितकं जपून तितकं चूक. असं रोज होत राहिलं तर कोणालाही वाटेल की आपलं डोकं कधी चालतं, कधी चालत नाही.

मी पुढे होऊन हळूच म्हटलं, “बाबा, एकेकदाच दाबा. दिसत न्हाय, पण पोचतंय.”

“पोचतंय हे कशावरनं?”

“मीच लिहिलंय ते.”

“ते परत बोलत न्हाय.”

“मुद्दाम न्हाय बोलत. चेअरमननी सांगितलं होतं ना तुम्हाला?”

“मला कोण काय बोललं न्हाय,” म्हणत बाबा पुन्हा पडद्याकडे वळले. मग एकेकदा दाबलं. प्रोग्राम उघडला. पुकारणाऱ्याने आकडा पुकारला, बाबांनी तो परत म्हटला, टोपली उतरली. सगळी होडी रिकामी होईपर्यंत असंच चाललं.

नंतर चहा घेताना म्हणाले, “रोज मला तो आपल्याच होडीचा नंबर चुकीचा सांगत होता. आपल्या होडीचा, बाय. रात्रभर घोकायचो मी. सकाळी आलो की चूक.” मग कप खाली ठेवून म्हणाले, “मला वाटलं, आता तुम्हाला पण ओळखणार न्हाय मी.”

मला रडू आलं, आणि त्याच वेळी चेअरमनना जेट्टीवरून ढकलून द्यावंसंही वाटलं. चेअरमन तिथे नव्हते, म्हणून नुसतीच रडले.

त्या दिवशी मी सोसायटीच्या प्रोग्राममध्ये बदल केला: प्रत्येक बटणाला पडद्यावर एक चांदणी, म्हणजे ताऱ्याची खूण. आकडा दिसणार नाही, पण पोचला हे कळेल. बाबांनी ती चांदणी बराच वेळ पाहिली. “सगळ्याला हेच बोलतो,” म्हणाले. “बारा बोललं तरी हेच, वीस बोललं तरी हेच. बरं हाय. न्हायपेक्षा बरं हाय.” तेव्हापासून ते एकेक आकडा एकेकदाच दाबतात, मात्र सवयीप्रमाणे मोठ्याने म्हणून. त्यामुळे पासवर्ड पूर्वी जेवढ्यांना माहीत होता तेवढ्यांना आताही माहीत आहे; फक्त आता नियम पाळला जातो. चेअरमन समाधानी आहेत.

पण भीती तशी एका चहात उतरत नाही. बाबा चुकेनासे झाले तरी होड्यांचे नंबर ओठांत चालूच राहिले. मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तेवढंच होतं ना?” मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. सभेत दुसरा माणूस बघा, हा निरोप त्यांनी मागे घेतला नव्हता. आईनेही शनिवार तसाच ठेवला होता.

शुक्रवारी माझी चार फंक्शनं मंजूर झाली. तिसऱ्याचं नाव शेवटी गृहस्थांनी सुचवलेलं तिसरंच ठेवलं. जेवायला बसल्यावर मी बाबांना म्हटलं, “ते आपल्या काट्यावरचं आता जगभर जाणार. सगळ्यांच्या कंप्युटरवर.”

“चांदणीवालं?”

“नाही. चांदणी नको म्हणाले ते. काहीच न उमटणारं.”

बाबांचा हात ताटात थांबला. “म्हणजे तिथं पण परत कोणी बोलणार न्हाय?”

“नाही.”

“मग त्यांच्या म्हाताऱ्यांना कोण सांगणार?”

मी ताटावरून उठले, आई मागून ओरडली, आणि वर जाऊन त्या फंक्शनच्या माहितीत मी एक वाक्य घातलं आणि मंजुरीला पाठवलं. गृहस्थ जागे होते. त्यांनी विचारलं, याची खरंच गरज आहे का, हे तर सर्वांना माहीत असतं. मी लिहिलं, माझ्या वडिलांना माहीत नव्हतं. ‘आपला मुद्दा रास्त आहे’ वगैरे काही लिहिलं नाही. थोड्याच वेळात वाक्य आत गेलं. इतक्या महिन्यांत माझी ही एकच ओळ अशी, जिच्यावर वाद झाला नाही.

खाली आले तेव्हा भात गार झाला होता. मी म्हटलं, “बाबा, लिहून टाकलं.”

“काय लिहिलं?”

ते इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगितलं, “टाइप केलेलं पडद्यावर दिसणार नाही, पण पोचेल, हे वापरणाऱ्याला आधी सांगावं.”

बाबांनी मान किंचित कलती केली. मग काट्यावरच्या आवाजात, शेजारच्या घरात जाईल इतक्या मोठ्याने, ते म्हणाले, “टाइप केलेलं पडद्यावर दिसणार नाही, पण पोचेल, हे वापरणाऱ्याला आधी सांगावं.” माझ्याच शब्दांत, एकही इकडचा तिकडे न करता.

आई वाढता वाढता थांबली. तिच्या इतक्या वर्षांच्या संसारात या घरात कोणाचा शब्द त्यांनी असा परत म्हटलेला नव्हता. ती म्हणाली, “आणि उद्याचं? अलिबागला न्हाय मग जायचं?”

“अलिबागला न्हाय जायचं,” बाबांनी परत म्हटलं, आणि भात मागितला.